कडांवरचं सोनं

पाळकसाहेबांचा फोन दीड वाजता आला आणि पावणेदोनला वहिनींच्या लक्षात आलं की घरातलं पवित्र शास्त्र उघडतच नाही.

फोनवर साहेब नेहमीसारखे मजेत होते. "वहिनी, पाच वाजता येतो. काही करत बसू नका. मंडळीची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. वडीलपदासाठी ज्याचं नाव आलंय त्याच्या घरी जायचं, त्यांच्याच शास्त्रातून वाचायचं, प्रार्थना करायची आणि निघायचं. दादांनी खुणेची फीत जिथे ठेवली असेल तिथलंच वाचू."

फीत कुठे आहे ते बघावं, एखाद्या बऱ्या स्तोत्रावर ठेवावी, एवढ्याच हेतूने वहिनी बाहेरच्या खोलीत गेल्या. खिडकीपाशी उंच लाकडी घोडीवर ते शास्त्र होतं. गडद लाल चामडं, पाठीवर पाच उंच पट्टे, तिन्ही कडांना सोनेरी वर्ख. बारा वर्षं रोज सकाळी त्या मऊ फडक्याने ते पुसत आल्या होत्या. पाठ, पुठ्ठा, कडा. आज पहिल्यांदाच त्यांनी पुठ्ठा उचलून पुढे हात घातला. जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहायची पहिली चार पानं नीट उलटली. त्यापुढचं सगळं विटेसारखं एकसंध होतं.

वहिनींनी नख लावून पाहिलं, मग जवळच्या खुर्चीत बसल्या. बत्तीस वर्षं पुस्तकबांधणीवाल्याच्या घरात काढलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कडांना वर्ख लावायचा तर पानं दाबयंत्रात घट्ट आवळावी लागतात. वर्ख सुकला की पानं एकमेकांना धरून बसतात आणि मग कुणीतरी निवांत बसून ती एकेक करून सोडवावी लागतात. सोडवली की कडेवर बारीक रेघा दिसतात, आरशासारखी सलग चकाकी पुन्हा येत नाही. ह्या शास्त्राची कड आरशासारखी चमकत होती. पाहुणे येऊन तारीफ करायचे.

म्हणजे सासऱ्यांच्या माघारी दादांनी त्यांचं जुनं शास्त्र नव्याने बांधून घोडीवर ठेवलं, तेव्हापासून ते त्या चार पानांपुढे कुणी म्हणजे कुणीच उघडलं नव्हतं. दादा रोज संध्याकाळी त्याच्यावर हात ठेवून फोनवरचं दिवसाचं वचन वाचत आणि प्रार्थना करत. काय प्रार्थना करत! दादा उपासनेत प्रार्थनेला उभे राहिले की बायका आधीच रुमाल काढून ठेवत. वहिनींना त्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. स्वतःचं छोटं शास्त्र त्यांच्या स्वयंपाकघराच्या खणात असे, पण खरं सांगायचं तर घरात कुणाला ताप आला तरच ते बाहेर निघे. तेव्हा नवऱ्याला हसायचं तरी कोणत्या तोंडाने?

"अहो," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या."

दादा कपाटासमोर दोन सदरे धरून उभे होते. पांढरा घालावा की फिका निळा, हा प्रश्न सकाळपासून चालू होता. निळा साधेपणाचा वाटतो असं त्यांचं मत पडलं होतं. हातात निळा सदरा घेऊनच ते आले, शास्त्र उघडायला गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दमट हवेने चिकटलं असेल," ते म्हणाले.

"बारा वर्षांच्या हवेने."

तेवढ्यात दादांची बहीण जिना चढून आली. दादांपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण घरभर ताई. मंडळीच्या गायनपथकात सगळ्यांचे सूर ताई सांभाळत, आणि तिथून सुटलेला वेळ भावाचं घर सांभाळण्यात घालवत. आज पडदे सरळ करायला आल्या होत्या. त्यांनी पुस्तक पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पर्स खाली ठेवली.

"झाकली मूठ ती हीच का?" ताई म्हणाल्या. "बरं, आता रडत बसायला वेळ नाही. तीन तास आहेत. सोडवू आणि वापरलेलं दिसेल असं करू. चहाचं पाणी कर गं वहिनी, दूध न घालता. कडेला कापसाने टिपलं की जुनं दिसतं. शाळेत असताना मी नकाशे असेच जुने करायचे."

"चहा? शास्त्राला?" वहिनी म्हणाल्या.

"मग काय कॉफी?"

दादांनी जरा विचार केला. वहिनींना वाटलं, आता हे नाही म्हणतील. दादा म्हणाले, "स्तोत्रसंहितेला जास्त लावा. मत्तयाला बऱ्यापैकी. लेवीयाला अगदी थोडं, तिथे कोणी फारसं जात नाही. उगाच सगळीकडे सारखं नको, संशय येतो."

ह्या माणसाने हिशेबाने डाग वाटून टाकले, हे ऐकून वहिनींना हसू फुटलं. ते त्यांनी पदराआड नेलं, कारण दादा खरोखर घामाघूम झाले होते. वडीलपदाची, मंडळीच्या कारभाऱ्यांतल्या जागेची, त्यांना किती आस होती ते वहिनींनाच ठाऊक. सासरे त्या पदावर तेवीस वर्षं होते. त्यांच्या जागी बसायचं, एवढंच ह्या माणसाने आयुष्यभर मनात धरलेलं होतं.

"पण सोडवणार कोण?" ताईंनी विचारलं. "ओढाताण केली तर कडा फाटतील."

उत्तर खाली कारखान्यात बसलेलं होतं.

वर्खाचं काम ह्या घरात एकच माणूस करी. धाकटे भाऊजी. आणि दादांशी ते सहा वर्षं बोलत नव्हते. म्हणजे कामापुरतं बोलत, पण तेही तिसऱ्याच्या मार्फत. दोघे एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर, आणि मध्ये उभ्या वहिनी. "वहिनी, त्याला सांगा, सरस उतू चाललाय." "अगं, त्याला सांग, मला दिसतोय." कारण मोठं होतं. भाऊजींची बायको गेली त्या वर्षी एका दुपारी कापड कापता कापता ते दादांना म्हणाले होते, "दादा, मला प्रार्थना येईना झालीय. तोंड उघडतो, आत काहीच नसतं." एवढंच. भावाला सांगितलं, आणखी कुणाला नाही. आणि पुढच्याच रविवारी दादांनी भर उपासनेत, भरल्या आवाजात, आपल्या धाकट्या भावाच्या अंतःकरणातला अंधार दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली. फार सुंदर केली. दोनशे माणसांनी डोळे उघडून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उठले, छत्री घेतली आणि बाहेर गेले. तेव्हापासून त्यांनी मंडळीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. दादांचं म्हणणं, मी त्याच्या भल्यासाठीच केलं. ते खरंही होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

"मी जाते," वहिनी म्हणाल्या.

कारखान्यात सरसाचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास होता. भाऊजी एका शाळेच्या हजेरीपुस्तकांना पाठी लावत बसले होते. वहिनींनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवून उपयोग नव्हता, भाऊजींसमोर तो टिकत नसे. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले, खणातून हाडाची गुळगुळीत पट्टी काढली.

"तुम्हाला नवल नाही वाटलं?" वहिनींनी विचारलं.

"चला," भाऊजी म्हणाले. "पाच वाजायला फार वेळ नाही."

वर आल्यावर दादा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. भाऊजींनी शास्त्र घोडीवरून उचलून टेबलावर घेतलं, अंगठ्याने कड दाबून पाहिली.

"वहिनी, त्याला सांगा, साडेसातशे पानं आहेत. पाचपर्यंत निम्मीसुद्धा होणार नाहीत. कुठून सुरू करू?"

"स्तोत्रांपासून," दादा खिडकीला म्हणाले.

"आणि डाग हवे असतील तर तेही सांगा. मला उमटवता येतात. बोटं कुणाची हवीत? बाईची, पुरुषाची, म्हाताऱ्याची?"

ताईंना एवढी चेष्टा कळली नाही. त्या म्हणाल्या, "मिसळून कर," आणि चहाचा वाडगा पुढे सरकवला.

काम सुरू झालं. भाऊजी चार-पाच पानांचा गठ्ठा धरून हलकेच वाकवत, पट्टी कडेतून सरकवत, की बारीक टक् असा आवाज होऊन पानं सुटत. मग ताई कापसाने कड टिपत. वहिनी फुंकर घालत. दादा लांबून बघत, मग जरा जवळून, मग खांद्यावरून. तीन वाजता त्यांनी खुर्ची ओढली. वहिनींना बरं वाटू लागलं. खोटं काम होतं खरं, पण चौघं एका टेबलाशी बसून किती वर्षं झाली होती.

"अरे, इथे काहीतरी लिहिलंय," ताई म्हणाल्या.

समासात पेन्सिलीने, बारीक तिरप्या अक्षरात. सासऱ्यांचं अक्षर. कडेची दोन-तीन अक्षरं कापली गेली होती, कारण बांधताना दादांनी तिन्ही कडा अर्धा इंच छाटल्या होत्या.

"बाबांच्या बोटांनी कडा काळ्या पडल्या होत्या," दादा हळूच म्हणाले. "मळकं दिसत होतं. मी छाटून स्वच्छ केलं."

"आणि आता आम्ही चहाने काळं करतोय," वहिनी म्हणाल्या. त्यांना बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. ताईंच्या हातातला कापूस थांबला.

भाऊजींनी त्यापुढचं स्तोत्र सोडवलं. तिथेही पेन्सिल. 'आज शब्दच सुचले नाहीत. नुसता बसलो.' त्याच्या खाली तारीख. दादांच्या आईला जाऊन महिना झाला होता, ती तारीख. दादांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. हे बाबा होते. ज्यांची प्रार्थना ऐकून दादा प्रार्थना शिकले, ते बाबा.

भाऊजींनी तो मजकूर बघून पट्टी खाली ठेवली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"मत्तय सोडव," ताई अचानक म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मला बघायचंय बाबांनी तिथे काय लिहिलंय."

"ताई, डाग अजून व्हायचेत," दादा म्हणाले.

"खड्ड्यात गेले डाग." ताईंनी वाडगा टेबलाच्या पार टोकाला ढकलला. आयुष्यभर दादांच्या बाजूने उभी राहिलेली बहीण खुर्चीसकट धाकट्याकडे सरकली, हे वहिनींनी नीट पाहून ठेवलं.

मत्तयाचा पाचवा अध्याय सुटला तेव्हा सव्वाचार वाजले होते. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. त्या ओळींच्या शेजारी सासऱ्यांनी एकदा नाही, चार वेळा लिहिलं होतं. वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळी पेन्सिल. 'जमत नाही.' 'अजून नाही.' 'त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.' आणि शेवटी, सर्वांत फिकट, 'गेलो. त्याने चहा दिला.'

"कुणाकडे गेले होते?" वहिनींनी विचारलं.

"काकांकडे असणार," भाऊजी म्हणाले. "कोपऱ्यावरच्या. भांडण होतं हे आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही."

दादा टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. निळ्या सदऱ्याची बटणं अर्धीच लागलेली. ते पहिल्यांदा सरळ भावाकडे वळले.

"हा वर्ख तू लावलास. सोडवायचं तेव्हाच का नाही सोडवलंस?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. सवयच होती. वहिनी मुद्दाम दुसरीकडे बघू लागल्या. मग भाऊजी पुस्तकाकडे बघत म्हणाले, "तेव्हा म्हणालो होतो, पान पान सोडवून घे. तू म्हणालास, आजच्या दिवस असूदे, लोक बघायला येणार आहेत, काय चमकतंय."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वर्ख मीच लावलाय. वर काही कामाला यायचो तेव्हा कडेकडे नजर जायचीच. एक रेघ नव्हती."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"आणि कुणाला बोलला नाहीस?"

"कुणाला सांगायचं?" भाऊजी म्हणाले. "तुझं होतं ते."

दादा खाली बसले. ताई उठून पडदा सरळ करू लागल्या, जो आधीच सरळ होता. वहिनींना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण एवढ्या वर्षांत मधे उभं राहून त्यांचे पाय दुखले होते आणि आज पहिल्यांदा कुणी त्यांच्यामार्फत बोलत नव्हतं.

पाळकसाहेब पाचला दहा मिनिटं असतानाच आले. साहेबांना वेळेआधी पोचायची खोड होती. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"चहा टाकलात वाटतं. वा."

"टाकतेच आहे," वहिनी म्हणाल्या आणि वाडगा पदराखाली घेऊन आत पळाल्या. परत आल्या तेव्हा साहेब टेबलाशी उभे होते. पुढ्यात अर्धवट सुटलेलं शास्त्र, हाडाची पट्टी, कापसाचे बोळे. मोठ्या कुतूहलाने ते सगळं बघत होते. भाऊजी जिन्याकडे निघाले होते. सहा वर्षांत ते पाळकसाहेबांसमोर उभे राहिले नव्हते.

"दुरुस्ती चाललीय?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी लगेच तोंड उघडलं. "हो ना, जुनं झालं, वाचून वाचून..."

"ताई," दादा म्हणाले, आणि ताई थांबल्या.

"साहेब, आधी प्रार्थना करूया?"

"करा की."

दादा उभे राहिले. डोळे मिटले. खांदे मागे गेले, छाती भरली आणि तो आवाज निघाला, वहिनींना पाठ असलेला. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तू जो अंतःकरणं पारखणारा..."

इथे ते अडले. वहिनींनी एक डोळा उघडला. दादांनी दोन्ही उघडले होते आणि ते जिन्याच्या तोंडाशी उभ्या भावाकडे बघत होते.

"थांब," दादा म्हणाले. "जाऊ नकोस. हे देवाला नंतर सांगतो, आधी तुला सांगायचंय." आवाज अगदी साधा होता, कारखान्यात 'मला दिसतोय' म्हणतानाचा. "साहेब, हे शास्त्र आज दुपारी उघडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. हे कापसाचे बोळे वापरलेलं दिसावं म्हणून आहेत. थोडंच झालंय, तुम्ही लवकर आलात."

साहेबांनी एक बोळा उचलून हुंगला. "म्हणून वास," ते म्हणाले.

"ह्याला सगळं माहीत होतं. बारा वर्षं ह्याने अळीमिळी गुपचिळी ठेवली. आणि ह्याने मला एक गोष्ट सांगितली होती, ती मी आठ दिवससुद्धा ठेवली नाही. प्रार्थना म्हणून सगळ्यांना सांगितली. तेव्हा वाटलं ह्याच्यासाठी करतोय. लोक रडले, ते मला आवडलं." हा उपासनेतला भरलेला आवाज नव्हता. कुरूप होता. "माझं चुकलं. वडीलपदावरून माझं नाव काढा, साहेब."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनींना वाटलं, आता साहेब काहीतरी मोठं बोलतील, एखादं वचन. साहेबांनी कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"नाव काढतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. आता एक सांगा, व्यासपीठावरचं शास्त्रही ह्याच कारखान्यातलं ना? त्याचा शेवटचा भाग अजून करकरतो. मी तिकडून कधी वाचतच नाही, सोपं सोपं तेवढं निवडतो. तेव्हा माझ्याकडे असे बघू नका सगळे." मग ते भाऊजींकडे वळले. "तुम्ही प्रार्थना करता का?"

"मला नीट येत नाही," भाऊजी म्हणाले. "कधी येते, कधी नुसता बसतो."

"तेवढी चालेल. बसा."

भाऊजी जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. एक पायरी उतरावी तसा पाय पुढे गेला आणि मागे आला. सहा वर्षांपूर्वी छत्री घेऊन निघालेला माणूस, ह्या वेळी छत्री खालीच होती. ते परत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. दादा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत.

कुणीच प्रार्थना म्हटली नाही. पाच माणसं नुसती बसली. वहिनींनी मनातल्या मनात काय म्हटलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग दादांनी हाडाची पट्टी उचलली, मत्तयाचा पुढचा गठ्ठा धरला आणि कडेत खुपसली. बत्तीस वर्षं बांधणी करत आलेला कारागीर, पण वर्ख सोडवायचं काम त्याने कधी केलेलं नव्हतं.

"दादा, ओढू नकोस," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी भावाच्या हातावर हात ठेवला. "आधी वाकव. असं."

सहा वर्षांत पहिल्यांदा वहिनींना मधे पडून काही सांगावं लागलं नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या, ह्या वेळी दूध घालून, पाच कपांचा.